रकाने भरणारे सॉफ्टवेअर आणि आपली पत्रे, बिले, करार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पत्रे, बिले आणि करारनामे आपोआप तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले असून ज्या कंपन्यांविषयी वाचकांनी तक्रार केली आहे त्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण संस्थेत 56 सदनिका आणि तळमजल्यावर 6 दुकाने आहेत. थकबाकीची पत्रे एक्सेलच्या यादीवरून वर्डमधल्या मेल मर्जने (यादीतली माहिती प्रत्येक पत्रात आपोआप भरणाऱ्या सोयीने) काढली. सर्व दुकानदारांच्या पत्रांवर गाळा क्रमांक ‘0’ असा छापला गेला, एका सभासदाची थकबाकी ‘2150.6999999999998’ रुपये आली आणि भरण्याची अंतिम तारीख 5 एप्रिल 2025 असताना पत्रावर 4/5/2025 आली. यादीत तर सर्व काही बरोबर आहे. चूक कोणाची? आणि ज्यांनी 4 मेपर्यंत थांबून पैसे भरले त्यांच्याकडून व्याज घ्यावे का?
— मानद सचिव, डोंबिवली

उत्तर: आपल्या पत्रात तीन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत, परंतु तिघांचे मूळ एकच आहे. आपण यादीत जे पाहता ते एक्सेलने सजवून दाखवलेले रूप असते, आणि वर्डकडे जाते ती त्यामागची कच्ची माहिती.

गाळा क्रमांकाचे आधी पाहू. यादीतला एखादा स्तंभ आकड्यांचा आहे की अक्षरांचा, हे एक्सेल आणि वर्ड यांच्यामधला दुवा त्या स्तंभाच्या पहिल्या आठ ओळी पाहून ठरवतो. आपल्या यादीत सुरुवातीला 101, 102, 103 असे सदनिका क्रमांक असणार आणि ‘दु-1’, ‘दु-2’ ही दुकाने सर्वांत शेवटी असणार. पहिल्या आठ ओळींत नुसते आकडे दिसल्यावर संपूर्ण स्तंभ आकड्यांचा मानला गेला आणि पुढे आलेले ‘दु-1’ हे आकड्यात बसत नसल्यामुळे तेथे शून्य पडले. कोणतीही सूचना न देता असे व्हावे, हा माझ्या मते या सोयीतला सर्वांत वाईट दोष आहे, कारण पत्र अडले असते तर आपल्या लक्षात आले असते. तेथे छापील ‘0’ आल्यामुळे पत्र पूर्ण भरल्यासारखे दिसले आणि लिफाफ्यात गेले. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक क्रमांकाआधी एक अक्षर लावावे, म्हणजे ‘स-101’ आणि ‘दु-1’. मग आकडा समजण्याचा प्रश्नच राहत नाही. स्तंभाला नंतर ‘टेक्स्ट’ असे स्वरूप देऊन भागत नाही, कारण आधी टाईप झालेले आकडे पुन्हा भरेपर्यंत आकडेच राहतात.

रकमेचे कारण संगणकाच्या पोटात आहे. 2150.70 ही संख्या संगणकाच्या द्विमान (फक्त 0 आणि 1 या अंकांच्या) पद्धतीत नेमकी मावत नाही, म्हणून तिच्या अगदी जवळची संख्या साठवली जाते. एक्सेल ती दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवते, वर्ड मात्र शेपटासकट ओतते. साच्यातल्या, म्हणजे ज्या नमुन्यावरून सर्व पत्रे निघतात त्यातल्या, रकमेच्या रकान्याला \# "0.00" अशी सूचना जोडली की शेपूट जाते. तारखेचेही तसेच आहे. तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, अशी उतरली. तेथे दिवस, महिना, वर्ष हा क्रम रकान्यातच सांगावा लागतो, आणि महिन्यासाठी एम हे रोमन अक्षर मोठ्या लिपीतच लिहावे लागते. छोटा एम लिहिला तर सॉफ्टवेअर त्याचा अर्थ मिनिटे असा घेते आणि महिन्याच्या जागी ‘00’ छापते. त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे ‘5 एप्रिल 2025’ अशी अक्षरी तारीख वापरणे. 12 तारखेपर्यंतच्या सर्व तारखा उलट्या वाचल्या तरी खऱ्याच वाटतात, म्हणून ही चूक डोळ्यांना सापडत नाही; 25 एप्रिलची मुदत असती तर ‘4/25/2025’ पाहून पहिल्याच सभासदाने विचारले असते.

व्याजाबद्दल माझे मत विचारलेत म्हणून सांगतो. संस्थेच्याच पत्रावर 4/5/2025 छापले असताना आणि आपल्याकडे ती तारीख 4 मे अशीच वाचली जात असताना, त्या महिन्याचे व्याज मागण्याच्या भानगडीत समितीने पडू नये. शुद्धिपत्रक काढावे आणि विषय मिटवावा.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेने कर्जदारांना मराठीतून पत्रे पाठवण्यासाठी सॉफ्टवेअर करून घेतले. पत्रांत ‘सातारा ला’, ‘पुणे त’ असे छापले जाते. 1,25,000 ही रक्कम अक्षरी ‘एकशे पंचवीस हजार’ अशी येते आणि 59 साठी ‘पन्नास नऊ’. एका सभासद महिलेच्या पतीचे निधन झाले असताना तिला ‘सौ.’ असे पत्र गेले आणि ती शाखेत येऊन रडली. सॉफ्टवेअर करणारे म्हणतात, इंग्रजीत सर्व व्यवस्थित चालते.
— शाखाधिकारी, सातारा जिल्हा

उत्तर: त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि नेमका तोच दोष आहे. साच्यात मोकळी जागा ठेवून तिच्यात नाव घालायचे, ही पद्धत अशा भाषेत चालते जिथे नाव वाक्यात कोठेही ठेवले तरी बदलत नाही. मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागतो आणि प्रत्ययाआधी नामाचे सामान्यरूप होते. सातारा या शब्दाचे ‘साताऱ्याला’ होते, पुणे याचे ‘पुण्यात’ होते आणि नागपूर याचे ‘नागपुरात’. गंमत अशी की कराड, वाई, फलटण या नावांना ‘ला’ नुसता चिकटवला तरी चालतो. माझा अंदाज आहे की सॉफ्टवेअर करणाऱ्याने कराडच्या एखाद्या खातेदारावर चाचणी घेतली, पत्र बरोबर आले आणि काम पूर्ण झाल्याची नोंद झाली.

प्रत्येक गावाचे सामान्यरूप सॉफ्टवेअरला शिकवत बसण्यापेक्षा साच्यातले वाक्य बदलणे सोपे आहे. आपल्या जुन्या दफ्तरी मराठीने ही अडचण केव्हाच सोडवून ठेवली आहे. ‘श्री. अमुक यांना’, ‘राहणार अमुक’, ‘सातारा येथे’, ‘मार्च या महिन्याचा हप्ता’ अशा रचनांत प्रत्यय नावाला न लागता शेजारच्या शब्दाला लागतो आणि नाव जसेच्या तसे राहते. ही भाषा कोणाला कोरडी वाटते, पण छापील नमुन्यांसाठी तिच्याइतकी उपयोगी भाषा दुसरी नाही.

क्रियापदाकडेही पाहावे लागेल. ‘आपण हप्ता भरला नाही’ हे वाक्य पुरुषाला आणि स्त्रीला सारखेच चालते, कारण तेथे क्रियापद हप्त्याप्रमाणे बदलते. ‘आपण सभेस उपस्थित राहिला नाहीत’ हे वाक्य मात्र स्त्रीला पाठवले की चुकते. तेथे ‘सभेस आपली उपस्थिती नव्हती’ असे लिहिले की साचा एकच पुरतो. वस्तूंच्या यादीत ‘3 खुर्ची’ आणि ‘1 वह्या’ असे येत असेल तर वस्तूचे नाव एका स्तंभात आणि संख्या दुसऱ्या स्तंभात ‘नग’ या एककासह द्यावी. ‘नग’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात बदलत नाही.

अक्षरी रकमेचा दोष थोडा खोल आहे. वर्डमध्ये आकड्याचे शब्द करण्याची जी अंगभूत सोय आहे ती फक्त 9,99,999 पर्यंत चालते आणि लाख हे एकक तिला ठाऊक नाही. आपल्या सॉफ्टवेअरने तोच इंग्रजी हिशोब उचलून मराठी शब्द बसवले, म्हणून ‘एक लाख पंचवीस हजार’ याचे ‘एकशे पंचवीस हजार’ झाले. ‘पन्नास नऊ’ ही त्याच वाटेवरची पुढची चूक आहे. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आणि एकक जोडून काम भागते, पण मराठीत एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी हे शब्द जोडून तयार होत नाहीत, ते एकेक करून लिहून ठेवावे लागतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता, हे आपल्याला आठवत असेल. त्या वादात कोणतीही बाजू घेतली तरी कर्जाच्या पत्रावर ‘पन्नास नऊ’ चालणार नाही. सॉफ्टवेअर करणाऱ्याला 1 ते 99 या संख्यांची शब्दसूची स्वतः लिहून द्यावी. 100 साठी ‘शंभर’ आणि 101 साठी ‘एकशे एक’ हा फरकही त्याच कागदावर नोंदवावा. हे काम शाखेतल्या एखाद्या ज्येष्ठ लिपिकाला अर्ध्या दिवसाचे आहे.

राहिला ‘सौ.’चा प्रश्न. कर्ज घेताना भरलेली वैवाहिक स्थिती पाच वर्षांनी तशीच असेल असे सॉफ्टवेअर गृहीत धरते, आणि तसे गृहीत धरण्याचे त्याला काही कारण नाही. सर्व महिला सभासदांना ‘श्रीमती’ असे लिहावे. त्या सभासदाकडे मात्र संस्थेतल्या कोणी तरी समक्ष जाऊन यावे, छापील दिलगिरीचे पत्र पाठवू नये.

प्रश्न: आम्ही यंत्रमागाचे सुटे भाग विकतो. वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेल्यामुळे ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची पद्धत, लागू झाले. बिलाचे सॉफ्टवेअर जो क्रमांक देते तो पोर्टल नाकारते. शिवाय बेळगावच्या एका व्यापाऱ्याने माल घेऊन तो परस्पर विट्याच्या कारखान्यात पाठवायला सांगितला, तेव्हा सॉफ्टवेअरने सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यांतर्गत विक्रीवरचे केंद्राचे आणि राज्याचे कर) लावला. व्यापारी म्हणतो, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर) हवा होता.
— एक विक्रेते, इचलकरंजी

उत्तर: आपण पाठवलेल्या नमुन्यात बिलाचा क्रमांक तीन रोमन अक्षरे, तिरकी रेघ, ‘2025-26’, पुन्हा तिरकी रेघ आणि ‘00127’ असा आहे. बोटांवर मोजा: तीन, एक, सात, एक आणि पाच मिळून 17 चिन्हे होतात. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलाचा क्रमांक 16 चिन्हांपेक्षा मोठा असता कामा नये. वर्ष ‘25-26’ असे लिहिले की 15 चिन्हे होतात आणि प्रश्न सुटतो. क्रमांकाची सुरुवात शून्याने किंवा रेघेने होत असेल तरीही पोर्टल तो घेत नाही, म्हणून सुरुवातीची अक्षरे काढून टाकण्याचा मोह टाळावा. नियम इतकी वर्षे जुना असूनही सॉफ्टवेअर 17 चिन्हांचा क्रमांक विनातक्रार तयार करून देते, याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण कागदावर छापून देण्यापुरते 17 काय आणि 20 काय, सारखेच.

क्रमांकाबाबत आणखी एक गोष्ट तपासावी. काही सॉफ्टवेअर बिलाचा मसुदा उघडताच क्रमांक देऊन टाकतात आणि मसुदा पुसला की तो क्रमांक कायमचा हरवतो. बिलांचे क्रमांक आर्थिक वर्षात सलग असावे लागतात, आणि जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्राच्या 13 व्या तक्त्यात कोठून कोठपर्यंतचे क्रमांक वापरले व त्यांतले किती रद्द झाले हे सांगावे लागते. बिल पक्के करतानाच क्रमांक पडेल अशी सोय मागावी, आणि रद्द झालेले बिल पुसले न जाता ‘रद्द’ म्हणून राहावे.

आता कराकडे वळू. आपल्या सॉफ्टवेअरने माल कोठे उतरला एवढेच पाहिले. विटा सांगली जिल्ह्यात, आपण इचलकरंजीत, म्हणून व्यवहार राज्यांतर्गत असे त्याने ठरवले. कायदा येथे वेगळे पाहतो. एखाद्या तिसऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून माल दुसरीकडे पोचवला, तर तो माल त्या सांगणाऱ्यालाच मिळाला असे मानले जाते आणि त्याच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण हेच पुरवठ्याचे ठिकाण धरले जाते. आयजीएसटी कायद्याच्या कलम 10 मध्ये ही तरतूद आहे. आपला ग्राहक बेळगावचा, त्याच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात कर्नाटकाच्या 29 ने होणार आणि आपल्या क्रमांकाची महाराष्ट्राच्या 27 ने, म्हणून आयजीएसटी हवा होता. व्यापाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. चुकीच्या खात्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो आणि योग्य खात्यात भरताना त्यावर व्याज द्यावे लागत नाही, पण तेवढे पैसे अडकून पडतात. ते बिल कसे दुरुस्त करायचे हे आपल्या कर सल्लागाराकडून ठरवून घ्यावे. सॉफ्टवेअरमध्ये ‘बिल कोणाला’ आणि ‘माल कोठे’ हे दोन पत्ते स्वतंत्र आहेत का, आणि कर पहिल्यावरून ठरतो का, एवढे तपासावे. दुसरा पत्ता नुसता छापण्यापुरता असलेली सॉफ्टवेअरे माझ्या पाहण्यात आहेत.

प्रश्न: आमचा चिवडा-फरसाणाचा कारखाना आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून आमच्या मालाचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये दर बदलला. ऑक्टोबरमध्ये एका दुकानदाराने ऑगस्टमधल्या बिलाचा 5,000 रुपयांचा माल परत केला. क्रेडिट नोटवर 250 रुपये कर आला. त्याच्या मते 600 हवा. दुसरे म्हणजे 2023 चे बिल पुन्हा छापले तर त्यावर आमचा सिन्नरचा नवा पत्ता येतो, जो तेव्हा नव्हताच.
— एक उत्पादक, नाशिक

उत्तर: दुकानदार बरोबर आहे. क्रेडिट नोट ही मूळ बिलाची दुरुस्ती असते, आणि मूळ बिलावर 12 टक्के कर लागला होता, म्हणून 5,000 रुपयांवर 600 रुपयेच परत द्यावे लागतात. आपल्या सॉफ्टवेअरने मूळ बिल उघडून न पाहता वस्तूंच्या यादीतला आजचा दर उचलला. ऑगस्टच्या बिलांबाबतच्या अशा क्रेडिट नोटा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत किंवा 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर विवरणपत्रात दाखवता येतात, म्हणून सप्टेंबरनंतर काढलेल्या सर्व क्रेडिट नोटा एकदा बसून चाळाव्यात.

आपली दुसरी तक्रार याच दोषाची भावंड आहे, आणि मला ती पहिलीपेक्षा गंभीर वाटते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बिल नावाचा कागद साठवलेलाच नाही. साठवले आहेत ते ग्राहक क्रमांक, वस्तू क्रमांक आणि नग, आणि ‘पुन्हा छापा’ म्हटले की आजचा पत्ता, आजचे बोधचिन्ह आणि आजच्या अटी घेऊन नवा कागद तयार होतो व त्यावर 2023 ची तारीख बसते. ग्राहकाजवळची प्रत आणि आपली प्रत यांत फरक पडला, तर तपासणीच्या वेळी तो समजावून सांगण्याची पाळी आपल्यावर येते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने सांभाळावे लागतात. त्या काळात पत्ता, भागीदार आणि करांचे दर या सर्वांत बदल होऊ शकतो.

विक्रेत्याने दुरुस्ती करून देईपर्यंत प्रत्येक बिल निघाले त्याच क्षणी त्याची पीडीएफ आर्थिक वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवावी, आणि जुनी प्रत लागली की तीच द्यावी. ‘पुन्हा छापा’ हे बटण वापरू नये, असे कर्मचाऱ्यांना बजावून ठेवावे.

प्रश्न: एका संकेतस्थळावर प्रश्नांची उत्तरे भरली की भाडेकरार तयार होऊन मिळतो. मी तसा 11 महिन्यांचा करार घेतला. त्यात ‘कालावधी 12 महिन्यांपेक्षा कमी असल्याने नोंदणीची आवश्यकता नाही’ आणि ‘वाद दिल्लीच्या न्यायालयांत’ असे लिहिले आहे. घर ठाण्यात आहे. चालेल का?
— एक घरमालक, ठाणे

उत्तर: चालणार नाही. 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे देशाच्या इतर अनेक भागांत प्रचलित असलेले गणित आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपल्यासारखा ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी असावा लागतो आणि कालावधी कितीही असला तरी त्याची नोंदणी करावी लागते. ही जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती न पाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यापेक्षा व्यवहारातली अडचण अशी की नोंदणी नसेल आणि उद्या तंटा झाला, तर भाड्याच्या अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

दिल्लीच्या न्यायालयांचा उल्लेख मूळ साच्यातून तसाच राहिलेला दिसतो. आपल्याला विचारलेल्या प्रश्नांत घराचा पत्ता होता, पण त्या पत्त्यावरून कोणत्या राज्याचा कायदा लागू होतो हे ठरवण्याची व्यवस्था साच्यात नव्हती. पत्ता फक्त एका ओळीत जाऊन बसला. हा मसुदा बाजूला ठेवावा आणि राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सेवेतून करार करावा. त्यासाठी मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे आधार क्रमांक जवळ असू द्यावेत.